हस्तलिखितातली तीन पानं

डहाणूच्या ज्या वाचनालयात मी तरुणपणी रोज संध्याकाळी जाऊन बसत असे, तिथून मागच्या उन्हाळ्यात एक कार्ड आलं. जुनं दप्तर लावताना हस्तलिखित वार्षिकाचे अंक सापडले. त्यातल्या एका अंकातली तीन पानं नाहीत. अनुक्रमणिकेत त्या जागी ‘माझा वैशाख’ असा आपला लेख दिसतो. तरी आठवत असल्यास तो पुन्हा लिहून पाठवावा, म्हणजे अंक पुरा करून बांधून घेता येईल. खाली ग्रंथपालांची सही होती. अक्षर ओळखीचं नव्हतं. जुने ग्रंथपाल आता नसणार.

‘आठवत असल्यास’ हे शब्द वाचून मी कार्ड पालथं ठेवलं. आठवायचा प्रश्नच नव्हता. ती तीन पानं माझ्या ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या उपरण्याच्या घडीत, बारा वर्षं पडून होती. मीच ती ब्लेडने कापून काढलेली.

त्या पानांच्या जागी आता हा मजकूर पाठवतो आहे. जुना लेख पाठवता येणार नाही. का, ते पुढे येईल.

मी तेव्हा डहाणूला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मूळचा घाटावरचा. दर मे महिन्यात भावाकडे गावी जायचो, पण त्या वर्षी भावाच्या घरी बाळंतपण होतं आणि घर दोन खोल्यांचं. तेव्हा राहिलो डहाणूतच. एकट्या माणसाला एक अख्खा महिना, घंटा नाही, हजेरी नाही. असा महिना मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही.

मला एक खोड होती, अजून आहे. कुणी काही करत असलं की ते कसं करतात ते विचारायचं. ताडगोळे सोलणाऱ्या बाईसमोर मी अर्धा अर्धा तास उभा राहायचो. आत किती गोळे निघणार, कोवळे की निबर, हे फळ न कापता तिला कसं कळतं? ती म्हणायची, उचललं की कळतं. मी उचलून बघायचो, मला काही कळायचं नाही, आणि ती हसून एक गोळा माझ्या हातावर ठेवायची. चिकूच्या वाडीत राखणदाराला विचारलं की झाडावर चिकू पिकला हे ओळखता कसं. तो म्हणाला, नखाने जरा खरवडायचं, खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचा. मग पुढचे चार दिवस मी दिसेल तो चिकू खरवडत सुटलो, तेव्हा त्याने मला वाडीत यायला बंदी केली. असा माझा महिना सुरू झाला.

वाचनालयात एक तरुण यायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मच्छीमारांच्या वस्तीतला, सातवी पास, बाप होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हातात आणि बाकीचे खलाशी त्याच्या शब्दात. पोरगा दिवसा बापाबरोबर समुद्रावर आणि संध्याकाळी अंघोळ करून, केस चापून बसवून वाचनालयात. कितीही अंघोळ केली तरी मासळीचा वास जात नाही, म्हणून ग्रंथपाल त्याला खिडकीजवळच्या बाकावर बसवत. तो कधी रागावला नाही. आत आला की दारातच थांबून हात वर धरायचा आणि म्हणायचा, “आज वारा जमिनीवरून आहे काका, खिडकीत बसलो तर सगळ्यांना माझी खबर लागेल. दाराशी बसू का?” ग्रंथपालांना हसावं लागायचं.

आमची ओळख एका प्रवासवर्णनावरून झाली. हिमालयातल्या वाटचालीचं पुस्तक होतं. तो ते वाचत होता आणि मी त्याची वाट बघत शेजारी बसलो होतो. त्याने मान वर करून मलाच विचारलं, मास्तर, सगळीकडे बर्फ, सगळं पांढरं, मग आपण कुठे आहोत हे ह्यांना कळतं कसं? हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता, तो त्याने विचारला. मी होकायंत्र, नकाशे असं काहीबाही सांगितलं. तो म्हणाला, “आमच्याकडे ते काही नाही. आमच्याकडे बाबा आहे.”

मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना मी हातातलं सगळं विसरलो. समुद्राच्या तळाला जागोजागी खडक आहेत, वरून काही दिसत नाहीत. घोळ आणि वाम असे मोलाचे मासे त्या खडकांच्या आसऱ्याला राहतात. गळ टाकायचा तर बरोबर त्याच्यावर टाकावा लागतो. होडीच्या दोन लांबी इकडेतिकडे झालं तर दिवस फुकट. ती जागा सापडते किनाऱ्याकडे बघून. लांबचा एखादा डोंगर आणि जवळचं एखादं झाड एका रेषेत आलं की ही एक खूण. दुसऱ्या बाजूला आणखी अशा दोन वस्तू एकमेकींच्या आड आल्या की ती दुसरी. दोन्ही एकदम जुळल्या की तू खडकावर आहेस. त्याच्या बापाकडे असे सात खडक होते, आणि बापाच्या बापाकडून आलेले. होडीवर बाकीचे खलाशी असले तरी ते किनाऱ्याकडे पाठ करून वल्ही मारतात, सुकाणूवरचा एकटाच तिकडे तोंड करून असतो.

हे सात खडक बाप पोराला एकदम देत नाही. एका वर्षी एक. तो पोराच्या पोटात वर्षभर राहतो का ते बघायचं, राहिला तर पुढच्या होळीला दुसरा. माझ्या मित्राला पहिला खडक त्याच वर्षी होळीला मिळाला होता. “आणखी सहा होळ्या,” तो म्हणाला, “मग होडी माझी.” हे सांगताना त्याचा चेहरा अगदी साधा होता. पुस्तकाचं पान उलटावं तसं त्याने सांगितलं.

त्यानंतर महिनाभर आम्ही रोज भेटलो.

दुपारी तो मला वस्तीवर न्यायचा. तिथे बांबूच्या उंच मांडवांवर दोऱ्या बांधून बोंबील सुकत घातलेले असत, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. मला वाटलं, बांधत असतील. छे, त्यांच्या दातांनीच ते एकमेकांना धरून राहतात. बायका हे काम इतक्या झपाट्याने करायच्या की हात दिसायचे नाहीत. मित्र त्यांना एक रहस्यकथा वाचून दाखवत होता, रोज दोन प्रकरणं. चौथ्या दिवशी त्याचा घसा बसला म्हणून मी वाचायला बसलो. त्याची आत्या वयाने सगळ्यांत मोठी आणि तोंडाने त्याहून. ती म्हणाली, “मास्तर, खून कोणी केला ते आधी सांगून टाक, मग वाच. ऐकताना आमचे हात थांबतात.” मी सांगून टाकला. बायका खूश झाल्या, पण मित्राने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. त्याने स्वतः शेवट वाचला नव्हता.

“तुझ्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही,” तो म्हणाला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मला त्याचं हसू आलं होतं.

आत्या सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची, तिच्याबरोबर आम्ही दोघे एकदा गेलो. मोटारीच्या टपावर टोपल्या चढवताना कंडक्टर वासाबद्दल कुरकुरला, तर आत्याने त्याला खालूनच विचारलं की तुझी बायको घरी फुलं शिजवते का. टोपल्या चढल्या. बाजारात मी तिच्यामागे बसून नुसता ऐकत होतो. किराणावाल्याशी ती गुजरातीत बोलली, पाड्यावरच्या बाया आल्या त्यांच्याशी त्यांच्या बोलीत, फौजदार कचेरीतल्या शिपायाशी मराठीत. पाड्यावरची एक बाई सुकवलेली मोहाची फुलं घेऊन आली होती. मापाला माप, फुलं घेतली आणि सुकट दिली. मी विचारलं, आत्या, तुझी स्वतःची भाषा कुठली? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “समोरच्याची.”

आम्हा दोघांना इतक्या लवकर परतायचं नव्हतं. एका ट्रकवाल्याने अच्छाडपर्यंत नेलं. तेव्हा तिथे हद्द नव्हती. इकडेही मुंबई राज्य, तिकडेही मुंबई राज्य. एक छपराचं हॉटेल, खाटा, आणि उसाच्या रसासारखा गोड चहा. ट्रकवाला बोलता बोलता म्हणाला की दोन वर्षं ह्या रस्त्याने जातोय पण समुद्र पाहिलेला नाही. माझा मित्र थक्क झाला. समुद्र तिथून पाच-सहा कोसांवर. तो त्या माणसाला खरोखर आग्रह करू लागला की चल, आत्ता चल, दाखवतो. ट्रकवाला म्हणाला, त्यात बघायचं काय असतं? मित्र उत्तर शोधत बसला. परतीच्या वाटेवरही तो तेच शोधत होता. शेवटी म्हणाला, मास्तर, त्याला होडीतून जमीन दाखवायला पाहिजे.

मला तिथेच कळलं की मला काय हवं आहे. मला होडीतून जमीन बघायची होती.

त्याने बापाला विचारलं. बाप आधी नाही म्हणाला. मग तीन दिवस विचार करून म्हणाला, घाटावरचा मास्तर आहे, त्याला उलटीशिवाय काही सुचायचं नाही, येऊ दे. निघायच्या आधी वाळूवर त्याने मला एकट्याला बाजूला घेतलं. उंच, वाळलेला माणूस, डोळे बारीक झालेले. “मास्तर, बघायचं ते बघा,” तो म्हणाला, “पण बघितलेलं तिथेच ठेवून यायचं.” मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मला उलटी झाली नाही. मी पाठ करून बसलो नाही, सुकाणूजवळ किनाऱ्याकडे तोंड करून बसलो. जमीन हळूहळू बुटकी होत गेली. शाळा, स्टेशन, मी जिथे चहा घेतो ते हॉटेल, सगळं एका बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या पट्टीत मावलं. आणि लांबचे डोंगर, जे किनाऱ्यावरून दिसतही नाहीत, ते उठून पुढे आले. मग ते सरकू लागले. म्हणजे सरकत होतो आम्ही, पण दिसत होतं असं की डोंगर चालत चालत झाडांच्या मागे येतो आहे. दोन ताड होते, एक सरळ आणि एक कमरेत वाकलेला. डोंगराचं टोक त्या दोघांच्या मधल्या फटीत येऊन बसलं. दुसऱ्या बाजूला भातगिरणीचं धुराडं एका देवळाच्या मागे गेलं. म्हाताऱ्या तांडेलाने हात खाली केला आणि शीड उतरलं. माझ्या मित्राला होळीला मिळालेला तोच हा खडक.

(ताड, धुराडं, देऊळ ह्यांतलं एकही इथे जसं होतं तसं लिहिलेलं नाही. माझ्या मित्राची तशी अट आहे.)

म्हाताऱ्याने दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडला. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली. वर काढला तर तिच्यावर शिंपल्याचा चुरा आणि शेवाळाचा एक तंतू चिकटलेला. त्याने तो बोटावर घेऊन मला दाखवला, जणू म्हणत होता, घ्या, बघा, खाली हेच आहे. न दिसणाऱ्या गोष्टीचा असा चोख पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. दुपारपर्यंत चार घोळ लागल्या. त्यातली एक माझ्या मित्राएवढी लांब होती, म्हणजे मला तरी तेवढी वाटली.

महिन्याच्या शेवटी आम्ही दोघे ओहोटीच्या ओल्या वाळूवरून बोर्डीपर्यंत चालत गेलो आणि वाटेत त्याने मला त्याचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगी शेजारच्या मच्छीमार गावची. त्याने तिला एकदाच, मासळीबाजारात, तेही भांडताना पाहिलं होतं. चांगली भांडते, म्हणाला.

पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांखाली ठेवतात, आणि वाचनालयात आमचं हस्तलिखित निघतं. त्या वर्षी मी संपादक मंडळात होतो. मी ‘माझा वैशाख’ लिहिला. लेख चांगला झाला होता, हे आज सांगायला हरकत नाही. ताडगोळे, आत्या, ट्रकवाला, बोंबलांच्या जोड्या, आणि शेवटी होडी. मी काळजी घेतली होती. गावाचं नाव नाही, तांडेलाचं नाव नाही, मित्राचं नाही, डोंगराचं नाही. एकही नाव नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे वचन पाळलं अशी माझी समजूत. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना मी माझं पेन्सिलीचं रेखाटन दिलं आणि त्यांनी रंगीत चित्र काढलं: दोन ताड, एक वाकलेला, आणि मधल्या फटीत डोंगराचं टोक. खाली मजकुरात मी लिहिलं होतं, ‘आणि गिरणीचं धुराडं देवळाआड लपलं त्या क्षणी शीड उतरलं.’ ह्या वाक्यावर मी खूश होतो.

जमिनीवरच्या माणसाला हे वर्णन वाटतं. समुद्रावरच्या माणसाला हा पत्ता आहे. नावांची त्याला गरजच नसते. हे मला कळायला हवं होतं, कारण मला ते समजावून सांगितलेलं होतं.

आषाढात अंक टेबलावर ठेवला. कापडाच्या दुकानात कारकुनी करणारे एक गृहस्थ होते, राहायला मित्राचं लग्न ठरलं होतं त्याच शेजारच्या गावी. ते एकदा मला मुद्दाम भेटून म्हणाले की तुमचा लेख इतका आवडला की मी उतरवून नेला आणि गावात पारावर वाचून दाखवला, चित्रही जमेल तसं काढून नेलं; आमच्या लोकांनी दोनदा वाचायला लावलं. मी त्या दिवशी घरी हवेत चालत गेलो.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या. चार दिवसांनी माझा मित्र माझ्या खोलीवर आला. संध्याकाळ होती, मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. तो खाटेवर न बसता जमिनीवर बसला. त्याने सांगितलं की आज त्या खडकावर गेलो तर तिथे शेजारच्या गावच्या तीन होड्या आधीच उभ्या होत्या. बाबाने होडी वळवली. वाळूवर उतरल्यावर एवढंच विचारलं, तू कुणाला सांगितलंस? मी म्हटलं, कुणाला नाही. बाबा म्हणाला, त्या गावात तुझं लग्न ठरलंय. मग निघून गेला.

“बाबाला वाटतं मी सांगितलं,” तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघत राहिला.

म्हाताऱ्याच्या मनात मी आलोही नव्हतो. घाटावरचा माणूस, एकदाच आलेला. त्याला काय समजणार. मला मात्र तेव्हाच, त्या कापडवाल्या गृहस्थांच्या चेहऱ्यासकट, सगळं समजलं. चहा उतू गेला. मी स्टोव्ह बंद करायला वळलो आणि तोंड तिकडे असतानाच म्हणालो, “कुणी सांगितलं असेल?”

तो थोडा वेळ बसला. चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाचनालय बंद असताना, संपादक म्हणून माझ्याकडे किल्ली होती ती वापरून मी कपाट उघडलं आणि तीन पानं कापली. लिहिलं ते अजाणपणी, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो, आणि ते खरंही आहे. कापलं ते अजाणपणी नव्हतं. ती पानं त्या पोराचा एकमेव साक्षीदार होती. अंक बापासमोर उघडून ठेवला असता तर बापाला वाचता येत नव्हतं, पण चित्र दिसलं असतं.

लग्न झालं. मी जेवायला गेलो होतो. पंगतीत कुणीतरी हसत म्हणालं की ह्याने सासरी आंदण म्हणून खडकच दिला. नवरा मुलगा खाली बघून हसला. पुढच्या होळीला त्याला दुसरा खडक मिळाला नाही. मी बदलीचा अर्ज केला. कारण लिहिलं, खारी हवा मानवत नाही.

अधूनमधून कानावर यायचं. होडीचं सुकाणू म्हाताऱ्याच्या पुतण्याकडे गेलं. माझा मित्र काही वर्षं वल्ह्यावर होता, बाकीच्यांसारखा किनाऱ्याकडे पाठ करून. मग आत्या वारली आणि तलासरीच्या बाजारातली तिची जागा त्याने घेतली. समुद्रावरचा माणूस डोंगराच्या बाजूला सुकी मासळी विकत बसतो हे ऐकल्यावर मी त्या बाजूची खबर विचारणं बंद केलं. मी, ज्याला कशाचीही चौकशी केल्याशिवाय राहवत नाही.

आणि मग हे कार्ड.

कार्ड आल्यावर आठ दिवसांनी मी पानं पाकिटात घालून निघालो. तलासरीला बाजारचा दिवस होता. पलीकडे महामार्गावर ट्रकांची रांग लागलेली, आता पुढे अच्छाडला नाका झालाय, दोन राज्यं झालीत. तो आत्याच्याच जागेवर बसला होता, कानशिलांवर पांढरे केस, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. एका बाईशी तिच्या बोलीत बोलत होता. मला बघून त्याने बोलणं पुरं केलं, मग गोणपाट झटकून सरकवलं.

“बस. वारा माझ्याकडून तुझ्याकडे आहे. चालेल ना?”

मी पाकीट उघडून पानं गोणपाटावर ठेवली. मी एवढंच म्हणालो की हे मी लिहिलं होतं, आणि मीच कापलं. त्याने पानांना हात लावला नाही. हाताला मासळी होती.

“चित्र छान होतं,” तो म्हणाला.

मी विचारलं, तू कधी पाहिलंस? तो म्हणाला, अंक टेबलावर आला त्याच संध्याकाळी. वाचनालयात येऊन मी काय खिडकी बघत होतो? वाचलं आणि बरं वाटलं, आमची होडी कागदावर आली. खूण उघडी पडलीय हे दिसलं मला. पण म्हटलं, इथे वाचणारा आमच्यातला मी एकटाच. म्हणजे चूक माझीपण आहे, असं म्हणून तो एका गिऱ्हाइकाकडे वळला. मी थांबलो. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने माझ्याकडे न बघता पुढचं सांगितलं.

“त्या संध्याकाळी तुझ्याकडे आलो, तो तू बोलशील म्हणून. आठ दिवस वाट बघितली. मग म्हटलं अंकच नेऊन बाबाला दाखवू. उघडला तर पानं नाहीत. तेव्हा कळलं की तुला कळलंय.”

तेव्हाच बापाला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, काय सांगू? मास्तरने लिहिलं? बाबा म्हणाला असता, मास्तरला होडीवर आणलं कोणी?

बाजार उठायला वेळ होता, पण त्याने टोपल्या झाकल्या आणि शेजारणीला सांभाळायला सांगितल्या. मोटारीत आम्ही शेजारी बसलो आणि डहाणू येईपर्यंत मुलांबद्दल बोललो. त्याची थोरली शिकते. बायको अजून चांगली भांडते.

म्हातारा पडवीत बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर बोंबलांचे मांडव, पलीकडे समुद्र आणि त्यावर आता इंजिनाच्या बोटींचा आवाज. मुलाने त्याला मी कोण ते सांगितलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, ह्या वेळी आडपडदा न ठेवता, किल्लीसकट, ब्लेडसकट. म्हातारा म्हणाला की वाचा, काय लिहिलं होतं ते.

बारा वर्षांपूर्वीचं माझं तरुण, नटवं मराठी मी त्या पडवीत मोठ्याने वाचलं. समुद्राला मी सोन्याचा रस म्हटलं होतं, तिथे तो जरासा हसला. धुराड्याच्या वाक्यावर त्याने हात वर केला. मी थांबलो.

“हे तुम्ही एकदाच बघितलंत?”

मी हो म्हटलं.

“आणि राहिलं डोक्यात.”

मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मला वाटायचं, जमिनीवरच्या माणसाला पाणी म्हणजे नुसतं पाणीच दिसतं. मी पोराला विचारलं. तुम्हाला विचारलं नाही.”

त्याने हात पुढे केला, मी पानं दिली. त्याने ती चाचपली, चित्राच्या जाड रंगावरून अंगठा फिरवला, आणि घडी करून मांडीखाली ठेवली. ती आता तिथेच राहणार, म्हणून वाचनालयाला हा मजकूर.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर व्हा.”

मी उठलो. मित्र उठायला लागला, तेव्हा बापाने त्याला गुडघ्याला धरून खाली बसवलं. मी पडवीच्या पायऱ्या उतरून मांडवांखाली आलो. तिथेही आवाज येत होता, शब्द नाही, म्हाताऱ्याचा खालच्या पट्टीतला सूर आणि मधेच एक थांबा, मुलाला पाठ म्हणायला लावतात तसा. त्या दोन ताडांपैकी एक पडलाय, गिरणी बंद झालीय, पुतण्याच्या बोटीला इंजिन आहे, तो मुलगा आता पस्तिशीकडे आलाय आणि सुकी मासळी विकतो. हे सगळं मला माहीत होतं. मग बाप काय सांगत होता? उरलेले सहा खडक, की दुसरंच काही? शिव्याही असतील. दहा पावलं मागे गेलो असतो तर ऐकू आलं असतं.

मी पुढे चालत गेलो. मांडव संपले, वर ओढलेल्या जुन्या होड्या संपल्या, ओली वाळू लागली. तिथे समुद्राच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी किनाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मित्र आला. डोळे लाल होते. त्याने हा मजकूर लिहायला परवानगी दिली आणि खुणा बदलायला सांगितल्या, ते तिथेच. आत काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही.

मी विचारलं नाही.